माझ्यासमक्ष

ॲडमिशनच्या दिवसांत कोर्टाबाहेर नुसती झुंबड असते. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, गॅपचं प्रतिज्ञापत्र, आडनावात एक वेलांटी चुकली त्याचं प्रतिज्ञापत्र, पोरं घामेजलेली, आईबाप फाइल छातीशी धरून, आणि प्रत्येकाला बाराच्या आत मोकळं व्हायचं असतं. अशाच एका सकाळी एक आजी नातवाच्या खांद्याला धरून माझ्या नोटरीच्या टेबलापाशी आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. काम तसं रोजचंच होतं. माहेरच्या जमिनीच्या फेरफारात त्यांचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं सासरचं नाव दुसरं, आणि आधारवर कुणीतरी घाईत टाइप केलेलं तिसरंच. ही तिन्ही नावं एकाच बाईची आणि ती बाई मीच, एवढं शपथेवर लिहून द्यायचं होतं. मी आधी मजकूर वाचून दाखवला, सावकाश, मोठ्यानं, मग म्हटलं आजी आता माझ्यामागं म्हणा. तर त्यांनी चपला काढल्या, अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि हात जोडून शब्द न शब्द म्हटला. कागदावर अंगठा झाला, रजिस्टरला अंगठा झाला, तिकीट लागलं, माझी सही, माझा शिक्का. नातू पाकीट काढत होता आणि आजी त्या ओल्या शिक्क्याकडं बघत मला म्हणाल्या, "पण बाई, मी तीच हाय हे तुला कसं ठावं?"

मी म्हटलं, आधार बघितलं की तुमचं. "त्यावर तर तिसरंच नाव हाय." म्हटलं, तुम्ही शपथ घेतलीत ना आजी. तर म्हणाल्या, "शपथ मी घेतली. मग शिक्का तुझा कशाला?" नातू म्हणाला चल गं आज्जे, एसटी जाईल, आणि मागचा माणूस कागद पुढं करायला लागला, आणि आजी पायात चपला सरकवून निघाल्या.

प्रश्न मात्र तिथंच राहिला.

कायद्याचं उत्तर मला पाठ आहे. मजकूर खरा आहे याची हमी नोटरी देत नाही, ती जबाबदारी लिहून देणाऱ्याची. नोटरीनं बघायचं ते एवढंच, की समोर उभा असलेला माणूस तोच आहे, शुद्धीवर आहे, काय लिहिलंय ते त्याला समजलंय, कुणी दंडाला धरून आणलेलं नाही, आणि सही त्यानं आपल्या डोळ्यांदेखत केली. उत्तर बरोबर आहे, पण आजींनी नेमकं त्यातल्या पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलं होतं. समोरचा माणूस तोच आहे, हे मला कसं ठाऊक? आणि मग मला आठवत गेलं की हाच प्रश्न एकदा मलाही कुणीतरी विचारला होता, मी नोटरी व्हायच्या आधी, अर्जाचे कागद घेऊन वाईभर फिरत होते तेव्हा.

ज्यांनी हा अर्ज केलाय त्यांना माहितीये, नुसती वकिलीची वर्षं भरून भागत नाही. एरवी १० वर्षांची प्रॅक्टिस लागते, बायकांना आणि एससी, एसटी, ओबीसींना ७ वर्षं चालतात. ती भरली, बार कौन्सिलची सनद जोडली, तरी १९५६ च्या नियमांमध्ये एक अट आहे जी मला पहिल्यांदा वाचली तेव्हा फार जुनाट वाटली आणि आता त्या सगळ्या नियमांतली सगळ्यात शहाणी अट वाटते. अर्जावर तुमच्या सहीखाली आणखी काही जणांच्या सह्या लागतात. एक मॅजिस्ट्रेट, एक राष्ट्रीयीकृत बँकेचा मॅनेजर, एक व्यापारी, आणि तुम्ही जिथं काम करणार त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. म्हणजे दिल्लीत बसलेल्या सरकारला तुम्ही माहीत नाही, तर ज्यांना तुम्ही माहीत असायला पाहिजे अशांना आधी भेटून या.

मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर मी रोजच उभी राहत होते, त्यांनी दोन वाक्यं बोलून सही केली. व्यापारी म्हणून मी हळदीच्या एका अडत्याकडं गेले, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. गोदामात पोत्यांची थप्पी, हवेत हळद, नाकात हळद, बोलताना जिभेवर हळद. त्यांनी धोतराला हात पुसला, पेन घेतलं आणि सही केली तरी कागदाच्या कडेला अंगठ्याचा पिवळा ठसा उठलाच. मला वाटलं आता अर्ज परत लिहावा लागतो की काय, ते म्हणाले राहू दे गं, लक्ष्मी आहे. तो ठसा तसाच गेला पुढं. दोन प्रतिष्ठित रहिवाशांपाशी मात्र मी बरीच अडले. आपल्याकडं प्रतिष्ठित म्हटलं की डोळ्यांपुढं माजी नगराध्यक्ष येतात, कारखान्याचे संचालक येतात, आणि लोकांनी मला नावंही तीच सुचवली. पण मला वाटत होतं की ज्या माणसाच्या शब्दावर मी स्वतः डोळे झाकून विश्वास ठेवीन त्याचीच सही घ्यावी. मग मी माझ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांकडं गेले आणि दुसरी सही घेतली सरकारी दवाखान्यातल्या एका रिटायर्ड सिस्टरची, जिच्या हातावर आमच्या गल्लीतली अर्धी पोरं जन्मली. बाईंनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच सही केली. सिस्टर म्हणाल्या, अगं माझी सही कशाला, मोठ्या माणसाची घे. मी समजावून सांगितलं तेव्हा त्या उठून आत गेल्या, हातपाय धुऊन आल्या, आणि देवनागरीत, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं सुटं काढत लिहिलं. आयुष्यभर जन्माच्या नोंदी लिहिल्या पण कुणी प्रतिष्ठित म्हणून सही मागितली नव्हती, असं म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे आणि माझेही.

बँकेचे मॅनेजर नवीनच बदलून आले होते, बिहारचे. माझं खातं त्याच शाखेत कॉलेजपासूनचं, शिपायापासून कॅशियरपर्यंत सगळे ओळखीचे, मला वाटलं पाच मिनिटांचं काम. त्यांनी कागद वाचला आणि शांतपणे परत माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "मॅडम, खाता तो मैं देख सकता हूँ, लेकिन आपको मैं जानता नहीं. साइन कैसे करूँ?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. स्टाफनं सांगून बघितलं, मॅडम चांगल्या आहेत, इथल्याच आहेत. ते हसले, बघू म्हणाले. मग एके दिवशी दुपारी मी एका पोटगीच्या केसमध्ये उलटतपास घेत होते, बाई रडत होती, समोरचे वकील ऑब्जेक्शन घेत होते, आणि मागच्या बाकावर, पक्षकारांच्या गर्दीत, मला मॅनेजर साहेब बसलेले दिसले. डबा खायच्या सुट्टीत आले असावेत. काही बोलले नाहीत, माझं काम संपायच्या आत उठून गेले. दुसऱ्या दिवशी बँकेतून फोन आला की कागद घेऊन या. सही केली, शिक्का मारला, तारीख टाकली आणि चहा मागवला. त्यांची पुढं बदली झाली, आता कुठं आहेत मला माहीत नाही, पण सही करण्याआधी माणूस बघून यावा लागतो हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्यांनी शिकवलं.

पुढचं सगळं नुसतं वाट बघणं होतं. अर्ज जिल्हा न्यायाधीशांमार्फत वर गेला, मध्ये कोविड आला, लोकांना अर्ज केल्याचाही विसर पडला. मग एकदम मुलाखतीचा मेल. मुलाखत व्हिडिओवर होती, नेटवर्क जाऊ नये म्हणून मी सीनियरच्या ऑफिसात जाऊन बसले, कोट, बँड, पंखा बंद कारण आवाज येतो, आणि मे महिन्यातला घाम. नोटरी कायद्याच्या कलम ८ मध्ये काय काय येतं ते विचारलं, दोन-चार प्रश्न आणखी, संपलं. मग २०२४ साली यादी आली, महाराष्ट्रातल्या हजारो वकिलांची नावं एका पीडीएफमध्ये, आणि सगळ्या वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच धांदल, सापडलं का, कितव्या पानावर. माझं नाव सापडलं तेव्हा मी बार रूममध्ये एकटीच होते. आईला फोन केला. आईनं विचारलं, म्हणजे आता तू सरकारी झालीस का? म्हटलं नाही गं, पगारबिगार नाही. मग काय मिळालं? मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, एवढंच म्हटलं की आता माझ्यासमोर केलेली सही कुठंही चालते.

शिक्का करायला टाकला त्याचंही मला अप्रूप होतं. नियमात त्याचं मापसुद्धा ठरलेलं आहे, साधा गोल शिक्का, ५ सेंटीमीटर व्यासाचा, त्यात नाव, कार्यक्षेत्र, रजिस्टर नंबर, नोटरी हा शब्द आणि ज्या सरकारनं नेमलं त्याचं नाव. शिक्केवाल्यानं विचारलं, मॅडम, मध्ये तराजू टाकू का, छान दिसतो. नको म्हटलं. पहिला ठसा त्यानं वहीच्या पानावर उठवून दाखवला तेव्हा आपलंच नाव गोलात वाकलेलं बघून जरा धडधडलं. सीनियर सरांनी मात्र शिक्का हातात घेऊनही बघितला नाही, ते म्हणाले रजिस्टर आण आधी. फॉर्म १५ चं रजिस्टर, जाड पुठ्ठ्याचं, अनुक्रमांक, तारीख, कुणाचं काम, कसलं काम, फी किती, आणि ज्याचं काम त्याची सही. सर म्हणाले, शिक्का कुणीही करून घेईल, उद्या दहा वर्षांनी कोर्टात उभी राहशील तेव्हा तुझ्या बाजूनं फक्त हे रजिस्टर बोलेल. आणि फीचा बोर्ड लाव, आतही आणि बाहेरही, तो नियमच आहे, आणि त्या बोर्डापेक्षा एक रुपया जास्त नाही. मी लावलाय. लोक वाचतात आणि तरीही विचारतात, फायनल किती?

ही नेमणूक पूर्वी इंग्लंडच्या कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीतून व्हायची हे मला सरांकडूनच कळलं. व्यापारातल्या हुंड्या, विनिमयपत्रं, ती वटली नाहीत तर तशी नोंद करून द्यायची, असं ते काम. मग १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला आणि त्याच्या १३८ कलमात सरकारला नोटरी नेमायचा अधिकार मिळाला. हो, १३८. आज कोर्टात कुणालाही १३८ म्हणा, तो चेक बाउन्सच समजणार, आमच्या बोर्डावर निम्मी प्रकरणं तीच असतात. पण नोटरींचा वेगळा कायदा १९५२ मध्ये झाला, १९५६ मध्ये लागू झाला, जुनं १३८ गळून पडलं, आणि त्या रिकाम्या जागेवर १९८८ च्या दुरुस्तीनं चेक बाउन्स येऊन बसलं. मला ही गोष्ट फार आवडते. एकाच नंबरावर आधी शब्द पाळल्याची साक्ष ठेवणारा माणूस होता आणि आता शब्द मोडल्याची शिक्षा आहे, आणि माझं टेबल त्या दोन्हींच्या मधोमध, कोर्टाच्या पायरीशेजारी.

लोकांचा या कागदावर केवढा विश्वास असतो हे टेबलापलीकडून बघितल्याशिवाय कळत नाही. गोल लाल स्टिकर, त्यावर उठवलेला ठसा, तिरकी सही, तिकिटावर अर्धा आणि कागदावर अर्धा आलेला शिक्का, हे सगळं बघितलं की माणसाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव येतो. म्हणजे आता पक्कं झालं. कितीतरी पोरंपोरी येतात, हातात हार सुद्धा असतो कधी, म्हणतात मॅडम नोटरी मॅरेज करायचंय. नवराबायको येतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून आणलेली, दोघंही सही करायला तयार, भांडण नाही काही नाही, फक्त शिक्का द्या. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं कारण त्यांची नियत खोटी नसते, त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की असंच होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या कायदा मंत्रालयानं सगळ्या नोटरींना लेखी बजावलं की लग्न आणि घटस्फोटाचे दस्त करून देणं हे तुमचं काम नाही, तसं केलं तर गैरवर्तन समजू. त्याआधीही ते आमचं काम नव्हतंच. मी त्या पत्राची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय, म्हणजे मला वाद घालावा लागत नाही, बोट ठेवलं की झालं. मग मी त्यांना विवाह नोंदणीचा एक महिन्याच्या नोटिशीचा मार्ग सांगते, फॅमिली मॅटरवाल्या वकिलाचं नाव सांगते. काही ऐकतात. काही जण दोन टेबलं सोडून पलीकडं जातात आणि ते मला बसल्या जागेवरून दिसतं.

दुसरीकडं, जिथं शिक्का लागतच नाही तिथं तो मागितला जातो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्येच स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन आणलंय, कितीतरी दाखल्यांना साध्या कागदावर आपणच सही केलेली चालते. तरी खिडकीपलीकडून माणसाला सांगतात, नोटरी करून आणा. मग तो बिचारा रोजगार बुडवून येतो. अशा वेळी मी सांगते की बाबा तुला याची गरज नाही, परत जा, हे दाखव. माझं उत्पन्न बुडतं हे खरंय, शेजारचे मला वेडी म्हणतात, पण दिवसाची मजुरी घालवून आलेल्या माणसाला नको असलेला शिक्का विकणं मला जमत नाही. त्यातले निम्मे परत येतात. म्हणतात, मॅडम, तुम्ही म्हणता ते खरं आहे पण साहेब ऐकत नाहीत, द्या बाई एकदाचा. मग देते.

त्या आजींचं काम मात्र खऱ्या गरजेचं होतं. बापाच्या नावची जमीन, बाप गेला तेव्हा एकट्या भावाचं नाव लागलं, आता भाऊ गेला आणि वारस नोंदीच्या वेळी कुणीतरी भल्या माणसानं बहिणीचंही नाव घातलं, पण घातलं माहेरचं, जे लग्नानंतर कुणी हाकेलाही वापरलं नव्हतं. आमच्याकडं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क १९९४ सालीच दिला, देशभर २००५ मध्ये आला, पण कायद्यानं हक्क दिला तरी हक्क घेणारी बाई तीच आहे हे सिद्ध करायची वेळ येते तेव्हा ती तीन नावांत वाटली गेलेली असते. पुरुषाचं असं होत नाही. माझ्याकडं येणाऱ्या नावबदलाच्या प्रतिज्ञापत्रांत बायकाच जास्त, आणि त्यातल्या बहुतेकींनी नाव स्वतः होऊन बदललेलं नसतं, तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं आणि बदललं. माझ्या स्वतःच्या सनदेवर माहेरचं नाव आहे, मी ते तसंच ठेवलं, त्यावरून घरात थोडं ताणलं गेलं होतं तेव्हा. शिक्क्यावरही तेच आहे.

आणि खरं सांगायचं तर मला ठाऊक होतं की त्या तीच आहेत. शपथेच्या आधी मी नातवाला बाहेर थांबायला सांगितलं होतं, ते मी नेहमी करते, म्हाताऱ्या माणसाबरोबर जो कुणी आलेला असतो त्याला दोन मिनिटं बाहेर. मग आजींना विचारलं, माहेर कुठलं, विहीर कुठल्या अंगाला, बांधाला कोण. त्यांनी सगळं सांगितलं, भावकीतल्या कुणाचा बैल बुडाला होता तेही सांगितलं. आणि माहेरचं नाव विचारल्यावर तोंडानं न बोलता डाव्या हाताची बांगडी वर सरकवली. मनगटाच्या वर हिरवट पडलेलं गोंदण, अक्षरं पसरलेली, पण वाचता येत होतं. फेरफारात जे नाव होतं तेच. "लगीन ठरलं तवा काढलं," म्हणाल्या, "सासरी कोण नाव घेऊ देणार हुतं माहेरचं." हे गोंदण कुठल्या रकान्यात लिहायची सोय नाही, मी रजिस्टरच्या शेऱ्यातही लिहिलं नाही, आधार क्रमांकाचे शेवटचे आकडे लिहिले तेवढेच. पण सही मी त्या गोंदणाच्या भरवशावर केली. त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर तेच होतं, आणि ते त्यांच्याच हातावर होतं. नंतर मी विचारलं होतं, आजी, नाव लागल्यावर पुढं काय, हक्कसोड करून देणार का? ते दुय्यम निबंधकाकडं होतं, माझ्याकडं नाही, पण विचारावंसं वाटलं. म्हणाल्या, "भाचं म्हणत्यात दे. बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला लागला नाही. माझ्या शिक्क्यानं त्यांचं नाव सातबाऱ्यावर चढेल, आणि कदाचित महिन्याभरात त्याच नावानं त्या ते सोडूनही देतील. एक मन म्हणतं हा त्यांचा निर्णय, दुसरं म्हणतं एकदा तरी ते नाव उताऱ्यावर छापलेलं त्यांनी बघावं.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत बँकेत आहे, तिलाही तिथल्या राज्याचं नोटरीचं कमिशन, म्हणजे नेमणूक, आहे, आपल्यासारखंच ५ वर्षांसाठी. तिथं वकील असावंच लागत नाही, काउंटरवरचं काम करता करता ती हेही करते. तिकडून आपल्याकडच्या फ्लॅटसाठी, शेतासाठी पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवणारी मराठी माणसं तिच्याकडं येतात, मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारची मोहोर, होऊन कागद इकडं येतो. एकदा तिच्याकडं एक मुलगा आला, वडिलांची सही आधीच करून आणलेली, म्हणाला बाबा गाडीत बसलेत, गुडघे दुखतात. ही जॅकेट चढवून पार्किंगमध्ये गेली, बर्फात, गाडीची काच खाली करायला लावली आणि म्हणाली काका, इथं माझ्यासमोर परत सही करा. काकांनी विचारलं, कसला कागद आहे? त्यांना माहीतच नव्हतं. तिनं तो कागद केला नाही. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो, तिचा नवरा झोपायला गेला, इथं माझा चहा उकळून आटला. कायदे वेगळे, फी वेगळी, भाषा वेगळी, पण काच खाली करायला लावायची हिंमत दोन्हीकडं लागते.

मला हल्ली सगळ्यात जास्त छळतात ती गुंठ्यांची प्रकरणं. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळं गुंठा-दोन गुंठ्यांची रजिस्ट्री होत नव्हती, मग शहराच्या कडेला शेतं पाडून प्लॉट विकले गेले ते सगळे नोटरीवर. स्थावराची खरेदी १०० रुपयांची किंवा त्याच्या वरची असेल तर दस्त नोंदवावाच लागतो, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात स्पष्ट आहे, नुसत्या नोटरीनं मालकी येत नाही. पण ज्याला घर पाहिजे त्याला हे कोण सांगणार? विकणारा तर नाहीच सांगणार. परवा एक जण आले, गवंडीकाम करतात, नखांत सिमेंट, शर्टाच्या खिशात बयाण्याची पावती, मागं बायको आणि कडेवर पोर. दोन गुंठ्यांचं खरेदीखत टाइप करून आणलेलं, रक्कम वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं दादा, यानं जागा तुमची होणार नाही. ते म्हणाले सगळ्यांनी असंच केलंय मॅडम, आमच्या लाइनीतली सगळी घरं नोटरीवर आहेत, लाइट आहे, नळ आहे. ते चिडले नाहीत, त्यांना खरंच कळत नव्हतं की शिक्का मारायला बसलेली बाई शिक्का का मारत नाही. बायको म्हणाली, अहो ऐका की जरा.

मी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. चालू सातबारा काढा. त्यावर विकणाऱ्याचं नाव आहे का बघा, इतर हक्कात कुणाची नावं, कुठल्या सोसायटीचा बोजा आहे का ते बघा. फेरफार मागा. बिनशेती झालंय का विचारा, नियमित करून मिळतंय का ते नगरपालिकेत विचारा, आणि दुय्यम निबंधकाकडं हा दस्त नोंदवून घेतील का ते तिथं जाऊन स्वतः विचारा, एजंटला नाही. तोवर उरलेले पैसे देऊ नका. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून पावतीच्याच खिशात ठेवला आणि याचे किती म्हणून विचारलं. म्हटलं काही नाही. मग दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. म्हणाले, मालक सांगतो सातबारा माझाच आहे, पण तिथं शेजारी कुणी दुसराच कुंपण घालतोय, आम्हाला कळेना, उद्या संध्याकाळी जागेवर बोलावलंय सगळ्यांना, तुम्ही येता का मॅडम?

मी विचारलं जागा कुठं आहे. एमआयडीसीच्या रोडला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं, म्हणाले. म्हटलं साडेपाचला कोर्ट सुटतं, सहापर्यंत पोचते, फक्त विकणाऱ्याला सातबारा घेऊन यायला सांगा, झेरॉक्स नको.